अंगठ्यांच्या मोजणीवरून खेळाडूची थोरवी ठरवावी का?

घोडबंदरकर (ठाणे)

नमस्कार मंडळी.

आमच्या संकुलातला पाच-सहा जणांचा गट एनबीए (अमेरिकेतील बास्केटबॉल) आणि एनएफएल (अमेरिकन फुटबॉल) या दोन्ही स्पर्धा नेमाने पाहतो. बास्केटबॉलचे सामने आपल्याकडे सकाळी आंघोळ-चहाच्या वेळेत येतात आणि अमेरिकन फुटबॉल रविवारी रात्री जेवणे आटोपल्यावर सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो, त्यामुळे सोमवारी सकाळी ठाणे स्थानकाच्या फलाटावर आमची चर्चा तारवटलेल्या डोळ्यांनी रंगते. सध्या त्या चर्चेचे रीतसर भांडण झाले आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

वाद डॅन मरीनोवरून सुरू झाला. १९८४ च्या हंगामात मायामीच्या या क्वार्टरबॅकने (आक्रमणात चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) ५,०८४ यार्डांचे पास आणि ४८ टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळणारे गुण) अशी कामगिरी केली. त्या काळात असे आकडे कोणी ऐकलेही नव्हते. मात्र त्याच हंगामाअखेरचा सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, मायामीने सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध ३८-१६ असा गमावला आणि मरीनो त्यानंतर पुन्हा कधीही त्या सामन्यापर्यंत पोहोचला नाही. याउलट ट्रेंट डिल्फर हा बेताचा क्वार्टरबॅक जानेवारी २००१ मध्ये बाल्टिमोरच्या पोलादी बचावफळीच्या जोरावर विजेता ठरला आणि गंमत म्हणजे पुढच्या हंगामासाठी संघाने त्याला ठेवलेही नाही. विजेत्या संघातील प्रत्येकाला अंगठी देण्याची तिकडची प्रथा बहुतेकांना ठाऊक असेलच. आमच्या एका मित्राचा हिशेब असा की अंगठी असेल तर खेळाडू मोठा, आणि नसेल तर आकडे कितीही असोत, तो दुसऱ्या पंगतीतला. मी त्याला विचारले की बास्केटबॉलमधल्या रॉबर्ट हॉरीकडे सात अंगठ्या आहेत आणि चार्ल्स बार्कलीकडे एकही नाही, तर हॉरीला बार्कलीच्या वर बसवायचे का? हॉरीची तर ऑल-स्टार (हंगामातील निवडक खेळाडूंच्या) सामन्यासाठी एकदाही निवड झाली नव्हती. यावर उत्तर आले नाही, विषय मात्र बदलला.

तो वळला नवोदित क्वार्टरबॅकांकडे. शेडूर सँडर्सला एप्रिल २०२५ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) पहिल्याच फेरीत घेतले जाईल असे कित्येक जाणकार सांगत होते. प्रत्यक्षात क्लीव्हलँडने त्याला पाचव्या फेरीत, १४४ व्या क्रमांकावर घेतले, तेही तिसऱ्या फेरीत डिलन गॅब्रिएल हा दुसरा क्वार्टरबॅक घेऊन झाल्यावर. त्या दिवसापासून आमचा हाच मित्र सँडर्सला मोडीत काढून बसला आहे.

मला असे वाटू लागले आहे की निवृत्त खेळाडूला अंगठ्यांनी तोलणारे आणि विशीतल्या मुलाला ड्राफ्टमधील क्रमांकाने तोलणारे लोक एकाच पद्धतीने विचार करतात: संघाच्या, प्रशिक्षकाच्या आणि संघमालकाच्या करणीचे जमाखर्च एका माणसाच्या नावावर मांडून मोकळे होतात. पण मग मोजायचे कशाने? आणि एनबीएचा २०२५ चा विजेता ओक्लाहोमा सिटीचा संघ पुन्हा जिंकला, तर त्याचा मुख्य खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडर याची जागा वर सरकेल की आहे तिथेच राहील? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

ऐरोलीकर

घोडबंदरकर, मी तुमच्या मित्राची बाजू घेतो, कारण हॉरीचे उदाहरण देऊन तुम्ही त्याला फार स्वस्तात गुंडाळले आहे. अंगठ्या सरसकट कोणीच मोजत नाही. ज्याच्याभोवती संघ उभा केला गेला, ज्याच्या हातात अखेरच्या पाच मिनिटांत चेंडू दिला गेला, त्याच्याच अंगठ्या मोजल्या जातात. हॉरीने मोक्याच्या क्षणी लांबून टाकलेले चेंडू कोणी विसरलेले नाही, परंतु ते संघ ओलाजुवोन, शकील ओनील, कोबी ब्रायंट आणि टिम डंकन यांचे होते, हे शाळकरी मुलालाही कळते.

क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचेच पाहा. फेब्रुवारी २०१७ च्या सुपर बोलमध्ये तिसऱ्या सत्रात अटलांटा २८-३ असा पुढे होता. त्या क्षणी ब्रेडी एकोणचाळीस वर्षांचा होता, त्याच्याकडे आधीच चार अंगठ्या होत्या आणि पराभव झाला असता तरी त्याला कोणी बोल लावला नसता. तेथून त्याने सामना जादा वेळेपर्यंत ओढला आणि ३४-२८ असा जिंकून दिला. पुढे न्यू इंग्लंड सोडून तो टँपाला गेला, ज्या संघाने आदल्या हंगामात ७ सामने जिंकून ९ गमावले होते, आणि पहिल्याच हंगामात त्याने त्यांना विजेतेपद मिळवून दिले. अंतिम सामन्यात समोर क्वार्टरबॅक म्हणून साक्षात पॅट्रिक महोम्स होता आणि निकाल ३१-९ लागला. संघाची करणी एका माणसाच्या नावावर टाकतात असे तुम्ही म्हणता. येथे माणसाने संघ बदलला आणि यश त्याच्यामागून गेले. याचा हिशेब तुमच्या सिद्धांतात कोठे बसतो?

क्वार्टरबॅक सॅम डार्नोल्डने २०२४ च्या हंगामात मिनेसोटाला १४ विजय मिळवून दिले तेव्हा सगळे त्याचे गोडवे गात होते. प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) पहिल्याच सामन्यात रॅम्स संघाने त्याला नऊ वेळा चेंडूसकट आडवे केले आणि सामना २७-९ असा घेतला. साखळीतले आकडे आणि बाद फेरीतले आकडे यांना एकाच तराजूत घालता येत नाही, एवढेच तुमच्या मित्राला म्हणायचे असावे.

रात्रपाळी (महापे)

माझे कामाचे तास अमेरिकन घड्याळाप्रमाणे चालतात, त्यामुळे फुटबॉलचा नाद लागायला निमित्त आयतेच मिळाले. क्वार्टरबॅकांच्या निवडीवर थोडे विस्ताराने लिहितो, कारण मूळ प्रश्नाची खरी मेख तेथेच आहे.

"मुलाचे पाय पाळण्यात दिसतात" ही म्हण या जागेला लागू पडत नाही. १९९८ मध्ये पेटन मॅनिंग पहिला आणि रायन लीफ दुसरा निवडला गेला, आणि त्या वेळी या दोघांत डावे-उजवे करणे अवघड आहे असे मानणारे लोक कमी नव्हते. मॅनिंग पाच वेळा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लीफने एकूण पंचवीस सामने खेळून १४ टचडाउन आणि ३६ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) मागे ठेवली. २०१७ मध्ये शिकागोने मिचेल ट्रुबिस्कीसाठी एक जागा वर सरकून दुसरा क्रमांक घेतला, आणि कॅन्सस सिटीने सत्ताविसाव्या क्रमांकावरून दहाव्यावर उडी मारून महोम्सला घेतले. कॉलेजमधील त्याच्या अखेरच्या हंगामात टेक्सास टेकने बारापैकी पाचच सामने जिंकले होते. ओक्लाहोमाविरुद्ध त्याने ७३४ यार्डांचे पास टाकले आणि तरीही त्याचा संघ ६६-५९ असा हरला. केवळ निकाल पाहणाऱ्याला त्या मुलात हरणाऱ्या संघाचा उतावळा खेळाडू दिसला असता.

तिकडे गेल्यावर काय झाले ते अधिक महत्त्वाचे आहे. अँडी रीडसारख्या प्रशिक्षकाने त्याला पहिले वर्षभर अॅलेक्स स्मिथच्या मागे बसवले आणि हंगामातला फक्त एक सामना खेळू दिला. दुसऱ्या वर्षी त्याने ५० टचडाउन पास टाकले. आता याच्या शेजारी डेव्हिड कारला ठेवा. २००२ मध्ये तो पहिल्या क्रमांकावर ह्यूस्टनच्या अगदी नव्या कोऱ्या संघात गेला आणि पहिल्याच हंगामात त्याला ७६ वेळा पाडले गेले, हा विक्रम आहे. इतका मार खाल्लेल्या माणसाची नजर मैदानावर पुढे न राहता अंगावर येणाऱ्या बचावपटूंकडे वळते, आणि ती एकदा वळली की परत आणणे फार कठीण असते.

सामना पाहताना मी चेंडूकडे पाहत नाही, आणि इतरांनीही एकदा तसे करून पाहावे. तिसरा डाऊन (दहा यार्ड पुढे जाण्याच्या चारपैकी तिसरा प्रयत्न), अजून सात यार्ड जायचे आहेत, डावीकडचा टॅकल (क्वार्टरबॅकचे रक्षण करणारा) हरला आहे आणि बचावपटू पाठीमागून येतो आहे. अशा वेळी क्वार्टरबॅकचे पाय काय करतात? जो अर्धे पाऊल पुढे सरकून त्या बचावपटूला आपल्या मागून निघून जाऊ देतो, खांदे सरळ ठेवतो आणि पहिला साथीदार मोकळा नसेल तर दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे नजर नेतो, तो टिकण्याची शक्यता मोठी. जो लगेच बाहेर धाव घेतो, त्याला कॉलेजमध्ये पायांच्या वेगावर वाट मिळते. एनएफएलमध्ये त्याच्याइतक्याच वेगाने धावणारे एकशे दहा किलोंचे लोक तेथे उभे असतात. हाताची ताकद दूरदर्शनवर उठून दिसते म्हणून तिचे फार कौतुक होते, पण ही पायांची आणि नजरेची गोष्ट मात्र आकड्यांत येत नाही.

जोश अॅलनची कथा या निमित्ताने सांगण्यासारखी आहे, कारण ती माझ्या मताच्या थोडी विरुद्ध जाते. २०१८ मध्ये तो सातवा निवडला गेला. पहिल्या हंगामात त्याचे जेमतेम ५२.८ टक्के पास पूर्ण झाले आणि अचूकता शिकवता येत नाही हा या खेळातला जुना समज आहे. बफेलोने प्रशिक्षक बदलले नाहीत, बचावफळी चांगली ठेवली, २०२० मध्ये पास झेलणाऱ्या स्टिफॉन डिग्जला आणले आणि त्या वर्षी टक्केवारी ६९.२ वर गेली. पुढे २०२४ च्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. म्हणजे नजर आणि पाऊल हेही शिकवता येते, फक्त शिकवणारा आणि थांबणारा संघ हवा. त्याच ड्राफ्टमध्ये डार्नोल्ड तिसरा होता. न्यूयॉर्क जेट्सने त्याला तीन वर्षांत मोकळे केले आणि मिनेसोटात योग्य प्रशिक्षक मिळाल्यावर तो १४ सामने जिंकला. ऐरोलीकर, तुम्ही त्याचे नऊ सॅक, म्हणजे चेंडूसकट पाडले जाणे, मोजलेत ते ठीकच. पण त्यांतले किती त्याच्या संथपणामुळे आणि किती त्याच्यासमोरील फळी कोसळल्यामुळे, हे न सांगता निकाल देणे म्हणजे पुन्हा तोच जमाखर्च झाला.

ब्रेडीबद्दलही एक आठवण करून देतो. १९९ व्या क्रमांकावर घेतलेल्या या माणसाला संधी मिळाली ती सप्टेंबर २००१ मध्ये ड्रू ब्लेडसो जबर जखमी झाल्यामुळे. त्या हंगामाअखेरच्या सुपर बोलमध्ये ब्रेडीने अवघ्या १४५ यार्डांचे पास टाकले. सामना बचावफळीने रोखून धरला आणि शेवटच्या क्षणी अॅडम व्हिनाटिएरीच्या लाथेने जिंकला. ती अंगठी त्याच्या सातांतली एक आहे आणि २८-३ वरून ओढून आणलेलीही एकच आहे. मोजणाऱ्याला दोन्ही सारख्याच.

पैशांचा भागही ध्यानात घ्या. २०११ पासून नवोदितांच्या मानधनाला कमाल मर्यादा आहे. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला होता. पुढच्याच वर्षी पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा करार सुमारे २ कोटी २० लाखांचा होता. त्यामुळे स्वस्तातला चांगला क्वार्टरबॅक सापडला की उरलेल्या पैशांत बचावफळी उभी करता येते. रसेल विल्सन तिसऱ्या फेरीतला, दुसऱ्याच हंगामात विजेता; ब्रॉक पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा खेळाडू, दुसऱ्या हंगामात सुपर बोलमध्ये. दोघांचे कौशल्य नाकारत नाही, पण त्यांच्या भोवतीचा संघ त्यांच्या तुटपुंज्या पगारावर उभा होता.

खारघरचा कोच

मी शाळेतील मुलांना बास्केटबॉल शिकवतो, त्यामुळे फुटबॉलवर बोलणार नाही. परंतु या धाग्यात दोन्ही खेळांना एकच माप लावले जात आहे, त्याला माझी हरकत आहे.

बास्केटबॉलमध्ये मैदानावर एका बाजूचे पाच खेळाडू असतात, आणि मुख्य खेळाडू अठ्ठेचाळीसपैकी चाळीस-चाळीस मिनिटे खेळतो, तेही आक्रमण आणि बचाव दोन्हींत. क्वार्टरबॅक मात्र प्रतिस्पर्ध्याकडे चेंडू गेला की बाकावर जाऊन बसतो. म्हणून बास्केटबॉलमध्ये अंगठीचा थोडा अधिक वाटा एका माणसाला देणे मला गैर वाटत नाही. बॉस्टनच्या बिल रसेलची तेरा हंगामांतली अकरा विजेतेपदे त्याच्या बचावाशिवाय शक्यच नव्हती, मग तो आला तेव्हा स्पर्धेत आठच संघ होते हे मान्य करूनही.

"अधिक वाटा" म्हणजे पूर्ण वाटा मात्र नव्हे. माझ्या मुलांत दरवर्षी एक तरी असा असतो की जो दोघांना चकवून बास्केटपाशी पोहोचतो. तो उडी मारतो त्या क्षणी दुसऱ्या बाजूचा बचावपटू आपला माणूस सोडून मदतीला धावतो, आणि कोपऱ्यात एक साथीदार पूर्ण मोकळा उभा राहतो. हवेत असताना तो कोपरा दिसणे आणि चेंडू तिकडे जाणे ही शिकवण्याची खरी गोष्ट. पण तेथे उभा असलेला मुलगा चेंडू बास्केटमध्ये टाकू शकत नसेल, तर पुढच्या सामन्यापासून मदतीला धावणारा बचावपटू निर्धास्त होतो आणि आमचा हुशार मुलगा तिघांत अडकतो. पालक विचारतात, याचे गुण का घटले?

ओक्लाहोमा सिटीचा संघ नेमका याच कारणाने उभा राहिला. २०२४-२५ मध्ये गिल्जस-अलेक्झांडरने सामन्यामागे ३२.७ गुण मिळवले, स्पर्धेचा आणि अंतिम मालिकेचा असे दोन्ही सर्वोत्तम खेळाडूचे मान घेतले, संघाने ६८ सामने जिंकले. पण तो आला कसा? २०१९ मध्ये पॉल जॉर्जला क्लिपर्सकडे देऊन त्यांनी हा तरुण खेळाडू आणि ड्राफ्टमधील पहिल्या फेरीच्या जागांचा ढीग घेतला. त्यांतल्याच एका जागेवर २०२२ मध्ये बारावा निवडलेल्या जेलन विल्यम्सने इंडियानाविरुद्धच्या अंतिम मालिकेतील पाचव्या सामन्यात ४० गुण काढले. लू डॉर्टला तर ड्राफ्टमध्ये कोणी घेतलेच नव्हते. अशा चमूतही मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि त्या सामन्याच्या पहिल्याच सत्रात इंडियानाच्या टायरीस हॅलिबर्टनचे अकिलीस (टाचेमागची शीर) तुटले. ते तुटले नसते तर निकाल काय लागला असता, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. गिल्जस-अलेक्झांडरच्या खेळात तसूभर फरक न पडता त्याची अंगठी गेली असती.

पुन्हा विजेते होण्याविषयी: २०१९ ते २०२५ या सात हंगामांत सात वेगवेगळे विजेते झाले आहेत, आणि लागोपाठ दोनदा जिंकणारा शेवटचा संघ म्हणजे २०१७ व २०१८ चा गोल्डन स्टेट. एनबीए आणि खेळाडूंच्या संघटनेच्या २०२३ च्या करारात पगाराच्या दुसऱ्या मर्यादेची जी अट आली, तिच्यामुळे महागडा संघ एकत्र ठेवणे फार कठीण झाले आहे. ती ओलांडणाऱ्या संघाला दोन-तीन खेळाडूंचे पगार जोडून त्यांच्या बदल्यात एक मोठा खेळाडू घेता येत नाही. २०२४ चा विजेता बॉस्टन पाहा. मे २०२५ मध्ये त्यांच्या टेटमचे अकिलीस तुटले आणि त्या उन्हाळ्यात हॉलिडे व पोर्झिंगिस यांना दुसऱ्या संघांकडे धाडावे लागले. त्यामुळे ओक्लाहोमा पुन्हा जिंकला तर मी गिल्जस-अलेक्झांडरला वर सरकवीन, कारण आजच्या नियमांत ती पूर्वीपेक्षा अवघड गोष्ट आहे. न जिंकल्यास त्याला खाली मात्र ढकलणार नाही. हा न्याय असमान आहे, पण मला तो पटतो.

जाता जाता, ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना आणि सॅक्रामेंटो यांचे जे सामने झाले, त्यांत इंडियानाकडून खेळलेल्या डोमांटास साबोनिसला पुढे २०२२ मध्ये सॅक्रामेंटोला देऊनच इंडियानाने हॅलिबर्टनला आणले. त्या अदलाबदलीने इंडियाना तीन वर्षांत अंतिम मालिकेत पोहोचला. साबोनिसचा खेळ काही त्यामुळे खालावला नव्हता.

नेरूळवासी

कोचसाहेब आणि इतर सर्वांस नमस्कार. मला अमेरिकन खेळांत फारशी गती नाही, पण प्रश्न ओळखीचा आहे म्हणून लिहिते.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी आमच्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार यांनी रणजी पदार्पणात २६० धावा केल्या होत्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा केल्या आणि भारतासाठी ते एकही सामना खेळले नाहीत, कारण मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण होते. मुंबईचे फिरकीपटू पद्माकर शिवलकरांचेही तेच: ५८९ बळी, आणि बिशनसिंग बेदींच्या काळात जन्म. तुमच्या अंगठ्यांच्या हिशेबात या दोघांना कोणत्या पंगतीत बसवणार? मुंबईत क्रिकेट खेळलेल्या कोणालाही विचारा, शिवलकरांचे नाव तो उभा राहून घेईल.

आणखी एक. त्याच अंतिम सामन्यात ८७ धावा आणि दोन बळी घेऊन सामनावीर ठरलेली शफाली वर्मा मूळ संघात नव्हतीच. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून उपांत्य सामन्याआधी तिला बोलावले गेले. ऐरोलीकर, ब्लेडसो जखमी झाला म्हणून ब्रेडी मैदानात उतरला, हे वर वाचले तेव्हा मला शफालीच आठवली. संधीचे दार कोणासाठी केव्हा उघडेल हे खेळाडूच्या हातात नसते. उघडल्यावर ८७ धावा करणे हातात असते. मी गुण देईन ते त्या ८७ धावांना, आणि प्रतिकाने त्याआधी साखळीत केलेल्या धावांनाही.

घोडबंदरकर (ठाणे)

सर्वांचे आभार. नेरूळवासी ताई, शिवलकरांचे उदाहरण मी उद्याच फलाटावर वापरणार आहे.

ऐरोलीकर, तुमचा मुद्दा मी टाळत नाही. ब्रेडीने संघ बदलूनही यश मिळवले, हे अंगठ्यांच्या बाजूने सर्वांत बळकट उदाहरण आहे. पण केव्हिन ड्युरंटनेही संघ बदलून यश मिळवले. २०१६ मध्ये ओक्लाहोमाकडून खेळताना तो गोल्डन स्टेटविरुद्ध ३-१ अशी आघाडी घेऊन हरला आणि त्याच उन्हाळ्यात, ७३ सामने जिंकलेल्या त्याच संघात सामील झाला. त्याला दोन अंगठ्या मिळाल्या, दोन्ही अंतिम मालिकांचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता, आणि तरीही लोक त्याला आयत्या बिळावरचा नागोबा म्हणतात. ज्याच्याभोवती संघ उभा राहिला तो, ज्याच्या हातात अखेरची पाच मिनिटे होती तो, या तुमच्या कसोटीचा दुसरा अर्धा भाग ड्युरंट पूर्ण करतो. मग त्या दोन अंगठ्या पुऱ्या धरायच्या, अर्ध्या की शून्य?

लेब्रॉन जेम्सचेही विचारतो. दहा अंतिम मालिकांत चार विजेतेपदे, म्हणून जॉर्डनच्या सहापैकी सहापुढे त्याला कमी लेखले जाते. जॉर्डन पहिल्या तिन्ही हंगामांत प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत बाद झाला होता. अंतिम मालिकेपर्यंत पोहोचून हरणे हे पहिल्या फेरीत हरण्यापेक्षा वाईट कसे, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही.

ऐरोलीकर

ड्युरंटच्या दोन अंगठ्या मी अर्ध्या धरतो, आणि यात मला कसलीच अडचण वाटत नाही. अंगठी मोजणे म्हणजे डोळे मिटून मोजणे, असे मी कोठेही म्हटलेले नाही. लेब्रॉनच्या बाबतीत मात्र तुमचे म्हणणे मान्य. २०१६ ची त्याची अंगठी, ७३ विजयांच्या संघाविरुद्ध ३-१ असे मागे पडून मिळवलेली, माझ्या हिशेबात दोन अंगठ्यांच्या मोलाची आहे.

मुजुमदार आणि शिवलकर यांचे उदाहरण येथे लागू होत नाही असे माझे मत आहे. त्यांना अंतिम परीक्षेला बसूच दिले गेले नाही. मरीनो बसला आणि ३८-१६ ने नापास झाला. या दोन गोष्टी एका ओळीत मांडणे शिवलकरांवरच अन्याय आहे.

खारघरचा कोच

ऐरोलीकर, परीक्षेचीच भाषा करायची तर १९६९ ची अंतिम मालिका पाहा. सातव्या सामन्यात जेरी वेस्टने ४२ गुण, १३ रिबाउंड आणि १२ असिस्ट केले, लेकर्स तरीही रसेलच्या बॉस्टनकडून हरले, आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून वेस्टचीच निवड झाली. पराभूत संघातील खेळाडूला तो मान मिळण्याची ती एकमेव वेळ. परीक्षकांनी त्या दिवशी उत्तरपत्रिका वाचून गुण दिले होते.

रात्रपाळी (महापे)

मरीनोच्या त्या "नापास" सामन्याबद्दल: मायामीची बचावफळी त्या दिवशी जो मोंटॅनाला थांबवूच शकली नाही, आणि जमिनीवरून धावण्याचा खेळ संघाकडे नसल्यामुळे मरीनोला पन्नास वेळा पास टाकावा लागला. समोरच्याला ठाऊक असते की पासच येणार आहे, तेव्हा पुढची फळी सरळ धावून येते.

घोडबंदरकर, तुमच्या मित्राला आता नवी दोन नावे द्या. टेक्सास विद्यापीठाचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग हा पेटन आणि त्याचा भाऊ ईलाय यांचा पुतण्या. २०२५ चा हंगाम सुरू होण्याआधीच त्याला डोक्यावर घेतले गेले, आणि ३० ऑगस्टच्या पहिल्याच सामन्यात टेक्सास ओहायो स्टेटकडून १४-७ असा हरल्यावर तेच लोक त्याला खाली उतरवायला धावले. दुसरा फर्नांडो मेंडोझा, कॅलिफोर्नियाहून इंडियाना विद्यापीठात गेलेला आणि २०२५ ची हाइसमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) जिंकलेला. हाइसमन जिंकलेल्यांत एनएफएलमध्ये नाव कमावलेला ‘जो बरो’ आहे तसाच जॉनी मॅन्झिएलही आहे, ज्याची एनएफएलमधील कारकीर्द दोन हंगामांत आटोपली. म्हणून मी दोघांबद्दल आज भाकीत करणार नाही. मेंडोझाचे तिसऱ्या डाऊनचे खेळ मात्र वेगळे काढून पाहतो आहे, आणि त्याला जो कोणी संघ घेईल त्याचा डावा टॅकल कोण आहे हे आधी तपासणार आहे.